खापर फुटते बीपीच्या गोळीवर

“गोळी सोडून दिली. रोज घेतली की किडनी जाते म्हणतात.” रिसोडपासून कारंज्यापर्यंत, वाशिम जिल्ह्यात कुठेही बीपी-शुगरचा विषय निघाला की हे वाक्य कानावर येतेच. सांगणारा बरेचदा चांगला शिकलेला असतो. आणि अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी मात्र त्याच घरात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली असते.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे काबूत नसलेली शुगर आणि काबूत नसलेले बीपी. गोळी हा मारा थोपवते. लोसार्टन ही बीपीची साधी गोळी. मधुमेहामुळे किडनीला इजा झालेल्या 1513 रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि 2001 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका 28 टक्क्यांनी कमी झाला.

मग हा समज आला कुठून? किडनी अशक्त झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, कारण ते औषध किडनीवाटेच बाहेर पडते आणि किडनी मंदावली की अंगात साठते. घरच्यांना वाटते, गोळीनेच घात केला. दहा-पंधरा वर्षे बीपी अंगावर काढून शेवटच्या दोन वर्षांत गोळी सुरू केलेल्या माणसाचेही तेच. लोकांच्या लक्षात राहते ती गोळी.

खरी काळजी करावी ती डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या अंगदुखीच्या गोळ्यांची. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकून काम, ऑक्टोबरचे ऊन, घामाने शरीर कोरडे आणि संध्याकाळी एक गोळी किंवा सुई. शरीरात पाणी कमी असताना किडनीचा रक्तपुरवठा टिकवणारी यंत्रणा हीच औषधे बंद पाडतात. बीपीची आणि लघवीची गोळी सुरू असेल तर धोका आणखी वाढतो. आपली गिधाडे याच डायक्लोफिनॅकने जवळपास संपली. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या, म्हणून 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण महिनोन् महिने पट्टीवर पट्टी संपवणे त्यालाही झेपत नाही.

“लघवी साफ होते, म्हणजे किडनी ठणठणीत.” नाही. किडनीचे काम निम्म्याहून कमी झाले तरी लघवी व्यवस्थित होते, दुखतही नाही. म्हणूनच तपासणी लागते, आणि दोनच गोष्टी मागायच्या: रक्तातले क्रिएटिनिन ईजीएफआरसह (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज), आणि लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवतो. 1.2 हा आकडा तिशीतल्या पुरुषाचा असेल तर ईजीएफआर 80 च्या आसपास येतो. तोच 65 वर्षांच्या बाईचा असेल तर जेमतेम 50, आणि अनेक रिपोर्टांवर तो 1.2 ‘नॉर्मल’ म्हणूनच छापलेला असतो! ईजीएफआर 60 च्या खाली किंवा अल्ब्युमिनचे गुणोत्तर 30 च्या वर आले तर घाबरू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तरीही तसेच राहिले तर तो किडनीचा आजार. शुगर किंवा बीपी असलेल्याने, घरात कुणाला किडनीचा त्रास असलेल्याने ही तपासणी वर्षातून एकदा करावी. तिशीनंतर बीपी-शुगरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते.

बाकीचे समज थोडक्यात. भरपूर पाणी पिऊन खराब झालेली किडनी दुरुस्त होत नाही. मुतखड्याला मात्र पाण्याचा उपयोग होतो. कंबर दुखली म्हणजे किडनी गेली असे नाही. बहुतेकदा ते मणक्याचे किंवा स्नायूंचे दुखणे असते. ‘जडीबुटीने काही अपाय होत नाही’ म्हणणाऱ्यांनी 2008 चा ‘जामा’ नियतकालिकातला अभ्यास पाहावा: इंटरनेटवरून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे 21 टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ‘डायलिसिस लागले की घर विकावे लागते’ हेही खरे नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.