शिकणाऱ्या हातांना काम, काम करणाऱ्यांना कॉलेज

सकाळी सातचं लेक्चर, तिथून धावतपळत ऑफिस, रात्री जेवण उरकून नोट्स. मुंबईत कारकुनी करत पदवीधर झालेल्या कित्येकांचा हा दिनक्रम होता. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण तोंडभरून करतो. पण सातचं ते लेक्चर कुणीतरी मुद्दाम ठेवलं होतं, याची आठवण फारशी निघत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं आणि नोकरदारांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग भरवले. विद्यार्थ्याची वेळ बदलणार नव्हती, म्हणून कॉलेजने आपली बदलली.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, अंगमेहनत करून शिकायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मुलांसाठी दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. फी भरायला पैसे नाहीत, तर घाम चालेल, असा तो रोकडा व्यवहार होता. त्यात दयेचा लवलेश नव्हता, म्हणून मुलांची मानही खाली गेली नाही.

पुणे विद्यापीठातली ‘कमवा आणि शिका’ योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं क्रमांक बघून मांडणीवर लावायची, कपाटं पुसायची, विभागातल्या नोंदी संगणकात भरायच्या, बागेत पाणी घालायचं. मोबदला थोडका असतो. पण काम आवारातच असल्यामुळे प्रवास वाचतो, आणि काम देणाऱ्याला परीक्षा कधी आहे ते ठाऊक असतं. माझ्या मते या योजनेचं खरं मोल त्यातच आहे.

बाहेर काम करणाऱ्या मुलांना नेमकं हेच मिळत नाही. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा पार्सल पोचवण्याच्या कामात शिफ्ट आठवड्याला बदलते. दुसरीकडे हजेरीची अट, अंतर्गत गुण, सबमिशन. यात मुलाचा आळस शोधू नये. अशा वेळी सुट्टीची सोय पगारापेक्षा मोलाची ठरते, म्हणून दोनशे-पाचशे कमी मिळाले तरी ठरलेल्या वेळेची नोकरी धरावी. ते जमत नसेल तर १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथली पदवी नियमित पदवीइतकीच मान्य आहे. ती दुय्यम मानण्याची खोड आपण सोडायला हवी. नव्या शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबून जमवलेल्या श्रेयांकांसह परत येण्याची वाटही खुली केली आहे. एखादं वर्ष राहिलं म्हणून शिक्षण संपलं असं समजू नका. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा.

आणि एक विनंती दुकानदारांना, कार्यालयं चालवणाऱ्यांना. तुमच्याकडे शिकणारं पोर कामाला असेल, तर त्याचं परीक्षेचं वेळापत्रक आजच मागून घ्या, आणि त्या दिवसांची सुट्टी पगार न कापता द्या.