भिंत कुठे घालायची?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधली संगणक यंत्रणा ठप्प झाली. बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सगळा कारभार कागदावर आला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला होता. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हे कारण पुढे सरकारनेच संसदेत दिले. ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या यंत्रणेचा डेटा परत मिळाला, तो हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

शेवटची प्रत अशी नशिबावर सोडू नये. मोठी डेटा केंद्रे अजूनही चुंबकीय टेप बाळगतात, त्याचे हे एक मोठे कारण. स्लॉटमध्ये, म्हणजे आपल्या कप्प्यात, पडून असलेल्या टेपपर्यंत नेटवर्कवरचा व्हायरस थेट पोहोचत नाही.

या टेप ज्या यंत्रात ठेवतात, त्या टेप लायब्ररीत शेकडो कार्ट्रिज असतात. रोबोट बारकोड पाहून हवे ते उचलतो आणि ड्राइव्हमध्ये घालतो. या एका यंत्राची अनेक पार्टिशन करता येतात. प्रत्येकाचे स्लॉट आणि ड्राइव्ह वेगळे. बॅकअप सॉफ्टवेअरला आपले पार्टिशन म्हणजेच पूर्ण लायब्ररी वाटते, शेजारच्या टेप त्याला दिसतही नाहीत. रोबोट मात्र सगळ्यांत मिळून एकच.

ड्राइव्ह सगळ्या पार्टिशनना सारखे वाटून टाकणे सोपे, पण चुकीचे. हिशेब रात्रीच्या बॅकअपपासून मांडावा. एलटीओ या टेप-प्रकाराच्या नवव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-९ ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितो, म्हणजे आठ तासांत जेमतेम साडेअकरा टेराबाइट. रोजचा बॅकअप २० टेराबाइटचा असेल, तर त्या पार्टिशनला दोन ड्राइव्ह लागणारच. शिवाय १८ टेराबाइटची भरलेली टेप पूर्ण वाचायला साडेबारा तास जातात. संकटाच्या दिवशी त्यासाठी ड्राइव्ह मोकळा हवा. टेपची पिढीही पाहावी लागते. एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, एलटीओ-७ ची नाही. जुन्या नोंदी जपायच्या, तर जुने ड्राइव्ह वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवणे बरे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ड्राइव्ह नसलेले पार्टिशन. काही लायब्रऱ्यांत ही सोय असते. लिहून झालेल्या टेप तिथे हलवल्या, की बॅकअप सॉफ्टवेअरच्या यादीतून त्या नाहीशा होतात. त्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही मग त्या पुसता येत नाहीत. पण लायब्ररीच्या व्यवस्थापनाचाच पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर ही भिंतही पडते.

म्हणून रुग्णालये आणि बँका चालवणाऱ्यांना विनंती आहे: हे दोन पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका, आणि टेपचा एक संच इमारतीबाहेर ठेवा.