विश्लेषण : पार्किन्सन्सची सुरुवात पोटातून होते का?

हात थरथरणे, हालचाली मंदावणे ही पार्किन्सन्सची ओळखीची लक्षणे. मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्याने ती दिसतात. मात्र अनेक रुग्णांना त्याआधी कित्येक वर्षे बद्धकोष्ठतेचा त्रास सुरू झालेला असतो. त्यामुळे या आजाराचे मूळ आतड्यात आहे का, याचा शोध घेतला जात आहे.

पोट आणि मेंदूचा संबंध काय?

व्हेगस हा मज्जातंतू आतड्यांना मेंदूशी जोडतो. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. तशाच गुठळ्या आतड्यांच्या मज्जापेशींतही आढळतात. काही रुग्णांमध्ये आजार आतड्यातून व्हेगसमार्गे मेंदूत जात असावा, असा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडला.

यात जिवाणू कुठे येतात?

अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या सार्किस मझमानियन यांच्या गटाने २०१६ मध्ये हे प्रथिन जास्त तयार होणाऱ्या उंदरांवर प्रयोग केला. आतड्यात जिवाणूच नसलेल्या उंदरांमध्ये लक्षणे सौम्य राहिली. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणू त्यांच्या पोटात सोडल्यावर हालचाली बिघडल्या. निरोगी व्यक्तींच्या जिवाणूंमुळे तेवढ्या बिघडल्या नाहीत.

औषधावरही परिणाम?

होय. लेव्होडोपा या प्रमुख औषधाचे डोपामाइन मेंदूत पोहोचल्यावर व्हायला हवे. पण एन्टरोकोकस फिकॅलिस हा जिवाणू ते आतड्यातच करून टाकू शकतो, असे २०१९ मध्ये दिसून आले. आतड्यात तयार झालेले डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. एकच औषध सर्वांना सारखे लागू न पडण्यामागे हेही एक कारण असू शकते.

मग जिवाणू बदलून आजार बरा होईल?

तसा पुरावा नाही. निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडण्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. बेल्जियममध्ये किंचित सुधारणा दिसली, फिनलंडमध्ये नाही. शिवाय आजारामुळे आतड्यांची हालचाल मंदावते, आहार आणि औषधे बदलतात. त्यानेही जिवाणू बदलतात. म्हणजे जिवाणूंतील बदल हे कारण की परिणाम, हा प्रश्न कायम आहे.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

बद्धकोष्ठता म्हणजे पार्किन्सन्स नव्हे. तिची इतर कारणेच जास्त आढळतात. दही किंवा प्रोबायोटिक कॅप्सूलने हा आजार थांबतो, हे सिद्ध झालेले नाही. त्यांच्या भरवशावर लेव्होडोपा परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे ठरू शकते. औषध कमी पडते आहे असे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे आणि पोटाच्या तक्रारीही लपवू नयेत.