कॅस्केड: अकरा प्रथिनांचा पहारा

क्रिस्पर, म्हणजे जिवाणूंची विषाणूंविरुद्धची संरक्षण व्यवस्था, म्हटलं की कॅस-९ या प्रथिनाचंच नाव पुढे येतं. २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्याच्यावरच्या कामाला मिळालं. जिवाणूंच्या दुनियेत मात्र अशी एकट्या प्रथिनाची व्यवस्था त्या मानाने कमी आढळते. विषाणू आला की बहुतेक ठिकाणी अनेक प्रथिनं मिळून त्याला तोंड देतात. त्यांतलं बारकाईने अभ्यासलेलं यंत्र म्हणजे ई. कोलाय या जिवाणूचं कॅस्केड. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या स्टॅन ब्राउन्स, जॉन व्हॅन डर ऊस्ट आणि सहकाऱ्यांनी त्याचं काम २००८ साली उलगडलं.

पाच प्रकारची मिळून अकरा प्रथिनं आणि ६१ अक्षरांचा एक आरएनए, एवढाच याचा पसारा. सगळं जुळून आलं की आकार होतो समुद्रघोड्यासारखा, आणि त्याचा कणा असतो कॅस-७च्या सहा प्रथिनांचा. आरएनएतली ३२ अक्षरं म्हणजे जुन्या हल्ल्याची नोंद. पूर्वी घुसलेल्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा जिवाणू आपल्या गुणसूत्रात, पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्या भागांच्या मधोमध, जपून ठेवतो. हा आरएनए त्याची नक्कल. ते सारखे भाग ओसाकाच्या योशिझुमी इशिनो यांना १९८७मध्येच दिसले होते, पण ते कशासाठी आहेत याचा तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता.

आता पेच असा, की तोच मजकूर जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातही आहे. मग हे यंत्र धन्यावरच का उलटत नाही? कारण मजकूर जुळवण्याआधी ते शेजार तपासतं. कॅस-८ हे प्रथिन डीएनएवर एएजीसारखी मोजकी तीन अक्षरं शोधतं. विषाणूच्या डीएनएत ती त्या मजकुराला लागून असतात, जिवाणूच्या नोंदवहीत नसतात. मला या यंत्राचं खरं कौतुक वाटतं ते इथे.

शेजार पटला की डीएनएची वेणी उलगडते आणि आरएनए अक्षराला अक्षर लावत पुढे सरकतो. दर सहावं अक्षर बाहेर वळलेलं असतं. ते जुळलं नाही तरी चालतं. सुरुवातीच्या सात-आठांत मात्र एवढी एक जागा सोडली तर चूक सहसा खपत नाही. कॅस्केड स्वतः काही कापत नाही. जुळणी पूर्ण झाली की ते कॅस-३ या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, आणि कॅस-३ डीएनएवरून पुढे पुढे जात त्याच्या चिंध्या करतं.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. त्या तीन अक्षरांतलं एखादं बदललं तरी तो निसटू शकतो. पण जुनी नोंद अर्धवट जुळली तरी कॅस-१ आणि कॅस-२ ही प्रथिनं त्याच विषाणूचे नवे तुकडे झपाट्याने टिपून ठेवतात. यावरही काही विषाणूंनी तोड काढली आहे: स्युडोमोनास या जिवाणूच्या अशाच यंत्रणेला निकामी करणारी छोटी प्रथिनं ते सोबत आणतात. टोरांटोच्या संशोधकांना ही प्रथिनं २०१३मध्ये सापडली. त्यांतली काही थेट प्रथिनांच्या त्या जुडग्यालाच चिकटतात, तर एक कॅस-३ला धरून ठेवतं. शत्रू ओळखला जातो, पण त्याला कापायला कुणी येत नाही.