वळीवड्याच्या पोलिश छावणीविषयी चार गैरसमज

कोल्हापूरजवळच्या वळीवड्यात राहिलेल्या पोलिश निर्वासितांचं एक स्मारक कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे. ‘महाराजांनी गोऱ्या निर्वासितांना आसरा दिला,’ एवढंच त्याबद्दल बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्यातलं खरं किती?

गैरसमज १ : हे लोक हिटलरला घाबरून पळून आले.
वस्तुस्थिती : ते पळून आले नव्हते, त्यांना घरातून उचललं होतं, आणि तेही स्टालिनच्या राजवटीने. सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या फेब्रुवारीपासून कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात धाडली गेली. १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली आणि त्यातले काही इराणमार्गे भारतात पोहोचले.

गैरसमज २ : सगळे जामनगरलाच होते आणि खर्च संस्थानिकांचा होता.
वस्तुस्थिती : जामनगरच्या जामसाहेबांची बालाचडीची छावणी मुलांसाठी होती. वळीवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले. त्यांत बहुतांश बायका आणि मुलं. धडधाकट पुरुष सैन्यात गेलेले. जागा कोल्हापूर संस्थानातली असली, तरी सुरुवातीला खर्चाचा भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने उचलला.

गैरसमज ३ : बायका आयत्या जेवणाच्या रांगेत दिवस काढत.
वस्तुस्थिती : घरटी भत्ता मिळे. बाजारात भाजी निवडायची, भाव करायचा आणि आपल्याच चुलीवर शिजवायचं. कुणी शाळेत शिकवी, कुणी दवाखान्यात रुग्णसेवा करी. छावणीत चर्च होतं, नाटकंही होत. माणूस सावरतं ते अशाने. आज काय रांधायचं हे स्वतः ठरवता येणं, ही सायबेरियातून आलेल्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हती.

गैरसमज ४ : युद्ध संपलं आणि सगळ्या आपापल्या गावी गेल्या.
वस्तुस्थिती : जायला गाव उरलं कुठे होतं? १९४५नंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला. बऱ्याच जणींनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठला. एखाददुसरी इथेच लग्न करून कोल्हापूरची सून झाली.

छावणी रिकामी झाली आणि तिथे फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातो, ते हेच ठिकाण. घर सुटलेल्या दोन समाजांनी तिथल्या एकाच जमिनीवर पुन्हा चूल मांडली.