काढा प्या, पण डॉक्टरांना सांगून

हिवाळ्याचा पाऊस सुरू झाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कुपत खोलीमकडून फ्लूच्या लसीचा निरोप येतो आणि घरात काढ्याचे पातेले गॅसवर चढते. आले, गवती चहा, मिरी, दालचिनी, हळद घातलेले दूध ही कोकणातली शिदोरी लोद, अशदोद, दिमोनापर्यंत टिकून आहे. तिच्यात तथ्य किती आणि धोका कुठे, ते आज पाहू.

विषाणू अंगात शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढतात. या लढाईत ऑक्सिजनचे अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते आपल्या निरोगी पेशींनाही इजा करतात. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट. आल्यातील जिंजेरॉल, हळदीतील कुर्क्युमिन, संत्र्या-लिंबातील क जीवनसत्त्व ही त्यांची उदाहरणे. प्रयोगशाळेत यांतल्या काहींनी विषाणूंची वाढ रोखलेली दिसते. पण काचेच्या बशीतील पेशी वेगळ्या आणि माणसाचे शरीर वेगळे.

हळदीचेच पाहा. नुसत्या हळदीतले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. मिरीतील पायपरिन सोबत दिले तर ते सुमारे २० पट जास्त मिळते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे हळदीच्या दुधात मिरी घालण्याची आजीची रीत बरोबर होती. मात्र हेच पायपरिन काही औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवते. क जीवनसत्त्व रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर बरी होते, म्हणजे आठवड्यात जेमतेम अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर घेतले तर खात्रीचा फायदा नाही.

आता मटणाच्या मसाल्यातले चक्रीफूल घ्या. त्यातील शिकिमिक आम्लापासून टॅमीफ्लू हे फ्लूचे औषध बनवले जाते. पण चक्रीफूल उकळून पिऊन फ्लू जात नाही. कारखान्यात त्या आम्लावर अनेक प्रक्रिया होतात, तेव्हा कुठे औषध तयार होते. आणि हे औषध आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतले तर सर्वांत उपयोगी पडते. ‘दोन दिवस काढा घेऊन बघू’ म्हणत थांबलो, तर नेमकी हीच वेळ हातची जाते.

मग काढा सोडायचा का? मुळीच नाही. गरम काढ्याने घसा शेकतो, कफ सुटतो, अंगात पाणी जाते. फक्त एवढे सांभाळा:

१. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर हळदीच्या किंवा आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वयंपाकातली चिमूटभर हळद चालते.

२. ज्येष्ठमध जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा.

३. मधुमेह असेल तर मध आणि गूळ हीसुद्धा साखरच.

४. काढा सुरू केला म्हणून नेहमीची एकही गोळी बंद करू नका.

उतारवयात फ्लू झाला तरी ताप फारसा चढेलच असे नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ होणे, लघवी कमी होणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी वाट पाहू नका. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. ती राहिली असेल तर या आठवड्यातच घ्या.

काढ्यात काय घालता हे डॉक्टरांना हिब्रूत सांगणे जड जात असेल, तर नातवंडांकडून चिठ्ठी लिहून घ्या. हळद म्हणजे कुर्कुम, आले म्हणजे जिंजर, ज्येष्ठमध म्हणजे शूश. ती चिठ्ठी गोळ्यांच्या यादीबरोबरच पाकिटात ठेवा.