अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि देहभारांकाची मर्यादा

अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रिया म्हणजे शरीरातील चरबी कापून काढणे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः या शस्त्रक्रियेत चरबीला हात लावला जात नाही; बदलली जाते ती अन्नमार्गाची रचना. मुंबईच्या उपनगरांपैकी अंधेरी, मुलुंड येथील मोठ्या रुग्णालयांतही आज ही शस्त्रक्रिया होते. साहजिकच ती कोणावर करावी, हा प्रश्न आता केवळ शल्यतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपासची पद्धती योजिली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आज अधिक रूढ असलेल्या स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे पाऊण किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून उरलेल्यास नळीचा आकार देतात. या भागाबरोबर भूक चेतविणाऱ्या घ्रेलिन या अंतःस्रावाचे मुख्य उगमस्थानही जाते. अन्न लहान आतड्यात लवकर पोचल्याने तृप्ती देणारे व इन्शुलिनला साह्य करणारे अंतःस्राव वाढतात. म्हणूनच पुष्कळ मधुमेही रुग्णांत, वजन फारसे उतरण्यापूर्वीच रक्तशर्करा खाली येते.

शस्त्रक्रियेची पात्रता देहभारांकावरून, म्हणजेच बीएमआयवरून ठरते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा अंक मिळतो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ही मर्यादा ४०, व गंभीर सहव्याधी असल्यास ३५ अशी सांगितली. परंतु हा अंक चरबीचे मोजमाप नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक २२·३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९·१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१·२ टक्के! भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी अधिक साठते व मधुमेह कमी वजनावरच गाठतो. हे ध्यानी घेऊन भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली शस्त्रक्रियेची मर्यादा ३७·५, व सहव्याधी असल्यास ३२·५ अशी खाली आणली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनीही आशियाई रुग्णांसाठी २७·५ हा अंक सुचविला.

विम्याच्या व्यवहाराने मात्र जुनेच अंक धरले. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिलेल्या प्रमाणित अटींत ४०, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखी गंभीर सहव्याधी असल्यास ३५, हीच मर्यादा आहे. समजा, घाटकोपरच्या एका मधुमेही गृहस्थाची उंची १६५ सेंटिमीटर व वजन ९२ किलोग्रॅम आहे. त्याचा देहभारांक सुमारे ३३·८ येतो. भारतीय तज्ज्ञांच्या कसोटीने तो शस्त्रक्रियेस पात्र ठरतो. विम्याच्या कसोटीने नाही. ३५ हा अंक गाठण्यास त्याचे वजन आणखी सुमारे ३·३ किलोग्रॅमांनी वाढावे लागेल! वजन उतरविण्याच्या उपचारासाठी वजन वाढण्याची वाट पाहावी, असा हा विपर्यास आहे.

याचा अर्थ मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा नव्हे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, फुप्फुसात रक्ताची गुठळी हे धोके विरळ असले तरी खरे आहेत. शिवाय लोह, कॅल्शियम व ब१२ जीवनसत्त्व यांवर जन्मभर लक्ष ठेवावे लागते. घाटकोपर-मुलुंड भागांतील शाकाहारी कुटुंबांत ब१२ची उणीव शस्त्रक्रियेपूर्वीच असण्याचा संभव असल्याने, तेथे ही दक्षता विशेष आवश्यक ठरते. आहार, व्यायाम व औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न आधी व्हावयास हवाच. तो अपुरा ठरल्यावर निर्णय घ्यावयाचा, तो मात्र येथील शरीराच्या मापाने घेतला जावा.